लोकगायनाचे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण

लोकगायनाचे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण म्हणजे गोंधळी, शाहीर, भारूडकार, वाघ्या-मुरळी, भीमगीतांचे गायक आदी लोककलावंतांनी श्रोत्यांसमोर सादर केलेल्या कार्यक्रमाचे, तो चालू असतानाच केलेले ध्वनिमुद्रण होय. असे ध्वनिमुद्रण तबकडी, कॅसेट, सीडी किंवा संगणकीय फाइल या रूपात प्रकाशित झाल्यास त्यास सामान्यतः लाइव्ह अल्बम म्हटले जाते. स्टुडिओत गायक व वादक एकांतात गातात आणि चूक झाल्यास तो भाग पुन्हा मुद्रित करतात. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणात गायकाबरोबरच श्रोत्यांचा प्रतिसाद, साथीदारांचा संवाद आणि स्थळाचा नाद हेही मुद्रित होतात. लोकगायनाची रचनाच श्रोत्यांच्या सहभागावर उभी असल्याने या प्रकारच्या ध्वनिमुद्रणाला लोकसाहित्याच्या अभ्यासात विशेष महत्त्व आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

‘प्रत्यक्ष’ या शब्दाने सुचविल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रणाचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार प्रसंगनिष्ठ ध्वनिमुद्रणाचा. लग्नानंतर घातलेला गोंधळ, खंडोबाचे जागरण, यात्रेतील भारूड किंवा जयंतीच्या दिवशी झालेला गायनाचा कार्यक्रम हा तेथील लोकांसाठीच होत असतो आणि ध्वनिमुद्रण करणारा केवळ उपस्थित असतो. ध्वनिमुद्रण झाले नसते तरी तो कार्यक्रम झालाच असता, ही या प्रकाराची खूण होय.

दुसरा प्रकार रंगमंचीय ध्वनिमुद्रणाचा. यात लोककला तिच्या मूळ प्रसंगातून उचलून नाट्यगृहात किंवा महोत्सवाच्या मंचावर आणलेली असते. श्रोते तिकीट काढून किंवा निमंत्रणावरून आलेले असतात आणि कार्यक्रमाची वेळ ठरलेली असते. बाजारात आलेले बहुतेक लाइव्ह अल्बम या प्रकारात मोडतात.

तिसरा प्रकार क्षेत्रीय ध्वनिमुद्रणाचा. अभ्यासक गायकाच्या घरी, शेतावर किंवा देवळात जातो आणि त्याच्या विनंतीवरून गायक गातो. येथे श्रोते थोडे असतात, परंतु भाषा, चाल आणि परिसर गायकाचाच असतो.

लोकगायनातील श्रोत्याचे स्थान

अभिजात संगीताच्या मैफलीत श्रोत्याची दाद गायनाला पूरक असते. लोकगायनात मात्र श्रोता किंवा त्याची बाजू घेणारा साथीदार हा सादरीकरणाचा घटकच असतो.

गोंधळात मुख्य गायकास नाईक म्हणतात. चौक मांडून, घट बसवून आणि देवतांना आवाहन करून गोंधळास आरंभ होतो. पूर्वरंगात देवीचे स्तवन आणि उत्तररंगात एखादे आख्यान असते. आख्यान चालू असताना एक साथीदार नाईकाला प्रश्न विचारतो, मुद्दाम गैरसमज करून घेतो, श्रोत्यांच्या मनातील शंका बोलून दाखवितो. या सवाल-जबाबातून कथा पुढे सरकते. हा साथीदार वगळल्यास आख्यानाचे केवळ पाठांतर उरते. संबळ, तुणतुणे व झांज ही गोंधळाची मुख्य वाद्ये असून दिवटी हे त्याचे आवश्यक अंग आहे. पहाटे आरतीने गोंधळाची सांगता होते.

पोवाड्यात शाहिराच्या मागे उभे राहून ध्रुपद उचलणाऱ्या व ‘जी जी’ असा सूर धरणाऱ्या साथीदारांना झीलकरी म्हणतात. शाहीर गद्यात प्रसंग समजावून सांगतो, नंतर पद्याकडे वळतो. हा गद्यभाग त्या त्या दिवशीच्या श्रोत्यांना उद्देशून असतो. त्यात गावातील पाण्याचा प्रश्न येतो, नुकतीच झालेली निवडणूक येते, समोर बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींचा उल्लेख येतो.

भारुडात सोंग घेतलेला कलावंत टाळकऱ्यांशी बोलतो आणि थेट श्रोत्यांतील एखाद्याला संवादात ओढतो. विनोद आणि आध्यात्मिक अर्थ यांची सांगड घालणे हा भारुडाचा प्राण असल्याने, हसू कोठे फुटले आणि शांतता कोठे पसरली, हेही त्याच्या आकलनास आवश्यक ठरते.

म्हणूनच एकाच कलावंताने एकच आख्यान दोन गावांत सादर केले, तरी ती दोन वेगळी सादरीकरणे असतात. लिखित संहितेत त्यांच्यातील समान भाग तेवढा उतरतो. फरकाचा भाग केवळ प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणात टिकतो.

माध्यमांचा इतिहास

तीन मिनिटांची तबकडी

थॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये सपाट तबकडीचे ग्रामोफोन हे तंत्र पुढे आणले. भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कोलकात्यात आरंभ झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गैसबर्ग यांनी त्या वेळी गायिका गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. मायक्रोफोन अद्याप वापरात आला नव्हता. गायकाला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. विजेवर चालणारे, मायक्रोफोनचा उपयोग करणारे ध्वनिमुद्रण १९२५ पासून रूढ झाले.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे ३ मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे. या मर्यादेचा सर्वांत मोठा फटका लोकगायनाला बसला. सहा तास चाललेला गोंधळ अशा तबकड्यांवर पूर्ण उतरवायचा झाल्यास १२० बाजू, म्हणजे ६० तबकड्या लागल्या असत्या. परिणामी पोवाड्याचे दोन-तीन चौक, भारुडाचे केवळ पद आणि गोंधळातील एखादे गाणे एवढेच तबकडीवर आले. गद्य निवेदन, सवाल-जबाब आणि प्रसंगोचित भर गळून पडली. लोकगीत म्हणजे तीन मिनिटांचे, ठरावीक कडव्यांचे गाणे, ही जी समजूत नागर श्रोत्यांत रूढ झाली, तिच्या मुळाशी तबकडीची ही मर्यादा बऱ्याच अंशी होती.

दीर्घ तबकडी

१९४८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी, अर्थात एलपी, बाजारात आणली. तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक काळाचे ध्वनिमुद्रण मावू लागले. याच सुमारास चुंबकीय फितीवर ध्वनिमुद्रण करण्याचे तंत्रही प्रचारात आले. त्यामुळे स्टुडिओबाहेर, प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या ठिकाणी दीर्घकाळ ध्वनिमुद्रण करणे शक्य झाले. लाइव्ह अल्बम या प्रकाराचा उदय या दोन शोधांमुळे झाला.

कॅसेट

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट आणली. भारतात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तिचा वेगाने प्रसार झाला. तबकडी काढण्यासाठी कारखाना लागत असे. कॅसेटच्या प्रती मात्र एखाद्या छोट्या दुकानातही काढता येत. त्यामुळे मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेल्या बोलीभाषांतील व प्रादेशिक गायनप्रकारांना प्रथमच बाजारपेठ मिळाली. उत्तर भारतातील या स्थित्यंतराचा अभ्यास पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (१९९३) या ग्रंथात केला आहे. महाराष्ट्रात भक्तिगीते, भीमगीते, लोकनाट्ये, कीर्तने आणि भारुडे यांच्या कॅसेट यात्रांमध्ये, बसस्थानकांवर व आठवडी बाजारांत विकल्या जात.

कॅसेटने आणखी एक बदल घडविला. टेपरेकॉर्डर घरोघरी आल्याने श्रोता स्वतःच ध्वनिमुद्रक बनला. गावातील कार्यक्रमात मंचाच्या कडेला टेपरेकॉर्डर ठेवून केलेली ध्वनिमुद्रणे ही त्या काळातील लोकगायनाची मोठी, परंतु विखुरलेली साधनसामग्री आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांत संपत असल्याने अशा मुद्रणांत आख्यान मध्येच तुटलेले आढळते.

संगणकीय ध्वनिमुद्रण

सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. पुढे भ्रमणध्वनी व आंतरजाल यांच्या प्रसारानंतर वेळेची मर्यादा जवळजवळ नाहीशी झाली. रात्रभराचे जागरण आता अखंड मुद्रित करता येते. मात्र कार्यक्रमातील दोन-तीन मिनिटांचे तुकडे कापून प्रसारित करण्याची पद्धत याच काळात वाढली. तंत्राने दूर केलेली जुनी मर्यादा श्रवणाच्या सवयीने पुन्हा आणली, असे या स्थितीचे वर्णन करता येईल.

जालना जिल्हा आणि मराठवाडा

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्याचा पूर्वभाग आणि परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका मिळून तो तयार झाला. जालना, अंबड, भोकरदन, बदनापूर, घनसावंगी, परतूर, मंठा आणि जाफराबाद हे त्याचे आठ तालुके होत. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता.

या भागातील लोकगायनास अनेक प्रवाह मिळाले आहेत. घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (१६०८) असून त्यांनी भारूड प्रकारातील रचनाही केल्या आहेत. संत एकनाथांचे पैठण शेजारच्याच जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी आहे. नाथांच्या नावावर सुमारे ३०० भारुडे असून भारुडाची परंपरा सबंध गोदाकाठी रुजलेली आहे. अंबड येथील मत्स्योदरी देवीचे मंदिर टेकडीवर असून तेथे नवरात्रात मोठी यात्रा भरते. तुळजापूरची भवानी व माहूरची रेणुका या मराठवाड्यातील दोन प्रमुख देवींच्या उपासनेतून गोंधळाची परंपरा पोसली गेली. गोंधळ्यांतील कदमराई व रेणुराई हे दोन वर्ग याच दोन देवींशी जोडलेले आहेत. मंठा, परतूर आदी तालुक्यांतील तांड्यांवर बंजारा समाजाची होळीच्या वेळची लेंगी गीते गायिली जातात.

विसाव्या शतकात आंबेडकरी जलसे व भीमगीते यांचा प्रवाह यात मिसळला. नाशिक जिल्ह्यातील देशवंडी येथे जन्मलेले लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी गावोगाव फिरून गायन केले. त्यांची गीते मराठवाड्यातील गायक-गायिकांच्या पिढ्यांनी मुखोद्गत केली. हे गायन प्रामुख्याने सभा, जयंती व वस्तीतील कार्यक्रम यांसाठी घडले असल्याने त्याचे खरे स्वरूप प्रत्यक्ष सादरीकरणातच आढळते.

मराठवाड्यातील लोकसाहित्याच्या अभ्यासात डॉ. प्रभाकर मांडे यांचे कार्य महत्त्वाचे आहे. लोककलावंतांच्या वस्त्यांवर व यात्रांच्या ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन त्यांनी सामग्री मिळविली. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्कार मिळाला व त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. आकाशवाणीच्या औरंगाबाद व परभणी केंद्रांनीही या भागातील लोककलावंतांना श्रोते मिळवून दिले. मात्र आकाशवाणीचे ध्वनिमुद्रण बहुतांशी स्टुडिओत आणि ठरलेल्या मिनिटांत होत असल्याने ते प्रसंगनिष्ठ ध्वनिमुद्रणाची जागा घेऊ शकत नाही.

उल्लेखनीय उदाहरणे

शाहीर साबळे

कृष्णराव गणपतराव साबळे ऊर्फ शाहीर साबळे (१९२३–२०१५) यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील पसरणी येथे झाला. राजा बढे यांनी लिहिलेले व श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत त्यांच्या आवाजात लोकप्रिय झाले. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये त्यास राज्यगीताचा दर्जा दिला. ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या त्यांच्या कार्यक्रमाने वासुदेव, गोंधळ, कोळीगीत, लावणी आदी प्रकार एका मंचावर आणले. साबळे यांच्या कार्यात लोकगायनाच्या ध्वनिमुद्रणाच्या दोन्ही बाजू दिसतात. एका बाजूस तबकडीसाठी बांधलेले, ठरावीक लांबीचे समूहगीत आहे, तर दुसऱ्या बाजूस निवेदन, नृत्य व गायन यांनी बांधलेला, श्रोत्यांनुसार बदलणारा रंगमंचीय कार्यक्रम आहे.

विठ्ठल उमप

शाहीर विठ्ठल उमप (१९३१–२०१०) यांचे ‘जांभूळ आख्यान’ हे ज्येष्ठ लोकगायकाच्या प्रत्यक्ष सादरीकरणाचे ठळक उदाहरण होय. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी असलेली ओढ जांभळाच्या फळाच्या निमित्ताने श्रीकृष्ण उघड करतो, अशी ही लोककथा असून ती व्यासांच्या महाभारतात नाही. गोंधळाच्या अंगाने जाणाऱ्या या आख्यानात उमप गायन, निवेदन आणि अभिनय यांचा मेळ घालीत. आख्यानातील विराम, स्वर अचानक खाली आणणे आणि श्रोत्यांना उद्देशून केलेली शेरेबाजी या गोष्टी केवळ शब्द वाचून कळत नाहीत. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूर येथील कार्यक्रमात मंचावरच त्यांची प्रकृती ढासळली व त्यांचे निधन झाले.

जात्यावरच्या ओव्या

क्षेत्रीय ध्वनिमुद्रणाचे महाराष्ट्रातील सर्वांत व्यापक उदाहरण जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह राज्यातील एक हजारांहून अधिक गावांतून लाखभर ओव्या संकलित केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांपैकी अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. मराठवाड्यातील स्त्रियांच्या ओव्यांचाही त्यात समावेश आहे. हे संकलन २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारतविषयक संग्रहातून सर्वांसाठी खुले होत गेले. ओवी ही मंचावरची कला नव्हे. पहाटे दळताना सोबतीची बाई हीच तिची श्रोती असते. पिठाच्या गिरण्या आल्यावर जाती मागे पडली व त्यांबरोबर गाण्याचा प्रसंगही संपत गेला. ध्वनिमुद्रण झाले तेव्हा गाणाऱ्या स्त्रियांना ओव्या पाठ होत्या, पण रोजचे दळण बहुतेक घरांतून गेलेले होते. त्या काळात हे काम झाले नसते, तर या आवाजांची नोंद पुढे होणे कठीण होते.

परदेशांतील उदाहरणे

अमेरिकेत लोकगायनाच्या लाइव्ह अल्बमना १९५० च्या दशकात लोकप्रियता लाभली. ‘द वीव्हर्स’ या गायकवृंदाच्या डिसेंबर १९५५ मधील व हॅरी बेलाफॉन्टे यांच्या एप्रिल १९५९ मधील, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल येथे झालेल्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे विशेष गाजली. पीट सीगर (१९१९–२०१४) यांनी त्याच सभागृहात ८ जून १९६३ रोजी केलेला कार्यक्रम ‘वुई शॅल ओव्हरकम’ या नावाने प्रकाशित झाला. नागरी हक्कांच्या चळवळीतील गीते हा त्याचा गाभा होता. सीगर श्रोत्यांना गाण्याची ओळ शिकवीत, वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे स्वर देत आणि मग सभागृहच गाऊ लागे. १९६३ च्या एलपीवर या कार्यक्रमातील निवडक गीतेच मावली. संपूर्ण कार्यक्रम दोन सीडींच्या रूपाने १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ फिती अखंड जपल्या गेल्यामुळेच २६ वर्षांनंतर हे शक्य झाले.

ध्वनिमुद्रणाची पद्धत

लोकगायनाच्या प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणात आवाजांचा समतोल साधणे ही मुख्य अडचण असते. संबळ, हलगी व ढोलकी यांचा नाद तीव्र असतो, तर तुणतुण्याचा नाद सूक्ष्म असतो. गायक फिरत, नाचत व वळत गातो. ध्वनिक्षेपकाचे कर्णे, विद्युतजनित्राची घरघर आणि मायक्रोफोनची शिट्टी यांचीही भर पडते.

ध्वनिमुद्रण सामान्यतः दोन मार्गांनी केले जाते. एका पद्धतीत मंचावरील सर्व मायक्रोफोन ज्या मिक्सरला जोडलेले असतात, त्यातूनच आवाज घेतला जातो. यात गायकाचे शब्द स्पष्ट येतात, परंतु श्रोते जवळजवळ नाहीसे होतात. दुसऱ्या पद्धतीत श्रोत्यांच्या पुढील रांगेत दोन मायक्रोफोन उभे करून एकूण नाद टिपला जातो. यात वातावरण येते, मात्र शब्द काही वेळा पुसट होतात. शक्य असेल तेथे दोन्ही आवाज वेगवेगळे मुद्रित करून नंतर एकत्र करणे श्रेयस्कर मानले जाते.

संग्रहासाठी करावयाचे ध्वनिमुद्रण संकोच न केलेल्या स्वरूपात, साधारणपणे ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिट या मापाने केले जाते. दोन मार्गिकांच्या अशा एका तासाच्या मुद्रणास सुमारे १ गिगाबाइट जागा लागते. रात्रभराचा गोंधळ त्यामुळे सहा-सात गिगाबाइटमध्ये सामावतो. आवाजाची पातळी आरंभी कमी ठेवणे आवश्यक असते, कारण संबळाचा पहिलाच ठोका मर्यादेबाहेर गेल्यास तो पुन्हा दुरुस्त करता येत नाही.

ध्वनिमुद्रणाइतकेच त्यासोबतच्या टिपणाचे महत्त्व आहे. गायक व साथीदारांची नावे, गाव, तिथी व दिनांक, कार्यक्रमाचे निमित्त, वाद्ये, गायकाने ते कोणाकडून शिकले आणि ध्वनिमुद्रणास दिलेली संमती या बाबी त्याच दिवशी नोंदविल्या जाव्यात. ज्या फितीवर नाव नाही ती फीत कालांतराने अभ्यासाच्या दृष्टीने मुकी होते.

संपादनाचा प्रश्न

प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण प्रकाशित करताना काय कापावे, हा वादाचा विषय आहे. विक्रीसाठी काढलेल्या अल्बममधून सामान्यतः वाद्ये जुळविण्याचा वेळ, देणगीदारांच्या नावांचा पुकारा, साथीदाराचे विनोद, लांबलेले निवेदन व श्रोत्यांची कुजबूज वगळली जाते. ऐकण्याच्या सोयीच्या दृष्टीने यात तथ्य आहे.

अभ्यासाच्या दृष्टीने मात्र वगळलेला भाग बहुधा अधिक मोलाचा असतो. देणगीदारांच्या पुकाऱ्यावरून कलावंताचा आश्रयदाता कोण होता व बिदागी कशी मिळत असे, हे कळते. निवेदनातून त्या वर्षीचा दुष्काळ, पिकांचे भाव व गावचे राजकारण कळते. साथीदाराच्या विनोदावरून कोणता विषय चारचौघांत बोलता येत होता आणि कोणता येत नव्हता, याचा अंदाज येतो. यासाठी विक्रीची प्रत संपादित असली, तरी मूळ ध्वनिमुद्रण अखंड जपावे, हा संग्रहशास्त्रातील सर्वमान्य नियम आहे.

कलावंतांचे हक्क

पारंपरिक गीताचा कर्ता अज्ञात असल्याने त्यावर कोणा एकाचा लेखनहक्क सांगता येत नाही. त्यावरून लोककलावंताला कोणताच हक्क नाही, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याच्या हक्कांचा समावेश झाला. प्रयोगकर्त्याच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू व गारुडी यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. गीत परंपरागत असले, तरी त्या दिवशीचे सादरीकरण त्या कलावंताचे असते.

या तरतुदींनुसार कलावंताच्या संमतीवाचून व्यापारी हेतूने ध्वनिमुद्रण करणे हा हक्कभंग ठरतो. स्वतःच्या खासगी उपयोगासाठी अथवा केवळ अध्यापन व संशोधनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणास त्यातून सूट आहे. प्रयोगकर्त्याचा हक्क ५० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्याचा हक्क मात्र ६० वर्षांचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने सादरीकरणाच्या व्यापारी उपयोगाबद्दल स्वामित्वधन मिळण्याचा, तसेच आपले नाव दिले जाण्याचा व सादरीकरणाच्या विद्रूपीकरणास हरकत घेण्याचा हक्क कलावंतास मिळाला. तथापि, केवळ संपादनासाठी किंवा ठरावीक वेळेत बसविण्यासाठी काही भाग काढणे हे विद्रूपीकरण मानले जात नाही, असेही कायद्यात स्पष्ट केले आहे. वर उल्लेखिलेल्या संपादनाच्या प्रश्नावर कायद्याचे उत्तर त्यामुळे मर्यादित आहे.

कॅसेटच्या काळात अनेक लोककलावंतांना एकदाच ठोक रक्कम देऊन ध्वनिमुद्रण केले जाई आणि प्रती किती खपल्या याचा हिशेब त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे. वेष्टनावर गीतापुढे ‘पारंपरिक’ एवढाच शब्द छापला गेल्याने ते गीत जपणाऱ्या गायकाचे व त्याच्या गुरूचे नाव लोपले. गोंधळी, वाघ्या-मुरळी, वासुदेव, पोतराज आदी कलावंत समाजाच्या दुर्बल स्तरांतील असल्याने दाद मागण्याचे बळही त्यांच्याकडे क्वचितच होते. गायकाच्या नावाची अचूक नोंद हा म्हणूनच शास्त्रीय शिस्तीबरोबरच न्यायाचाही विषय आहे.

जतन

चुंबकीय फीत टिकाऊ नसते. दमट हवेत तिच्यावर बुरशी चढते, काही फितींचा लेप चिकट होऊन सुटतो आणि एका वेढ्यावरील आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. कॅसेट वाजविणारी यंत्रे व ती दुरुस्त करणारे कारागीरही दुर्मीळ होत आहेत. १९८० व १९९० च्या दशकांतील खासगी कॅसेट संगणकीय रूपात आणण्याचे काम त्यामुळे तातडीचे मानले जाते. जुन्या कॅसेटवर नवी गाणी भरण्याच्या प्रथेमुळे अनेक ध्वनिमुद्रणे याआधीच पुसली गेली आहेत.

भारतीय संगीताच्या क्षेत्रीय ध्वनिमुद्रणांचे जतन करणारा ‘आर्काइव्ह्‌ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ हा संग्रह १९८२ मध्ये पुण्यात स्थापन झाला व पुढे दिल्ली परिसरात हलविण्यात आला. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी लोककलांचे शिक्षण व संशोधन करते. अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाविषयीचा युनेस्कोचा करार २००३ मध्ये झाला. भारताने त्यास २००५ मध्ये मान्यता दिली.

गावपातळीवरही हे काम करता येण्याजोगे आहे. घरातील जुन्या कॅसेटची यादी करणे, मूळ ध्वनिमुद्रण न कापता त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे, आणि आवाज ओळखणारी वडीलधारी माणसे हयात असेपर्यंत गायकांची नावे लिहून घेणे, या गोष्टींस मोठा खर्च लागत नाही. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून अशी नोंद होऊ शकते.

मर्यादा

प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण हे सादरीकरणाची पूर्ण प्रतिमा नव्हे. गोंधळातील दिवटीचा प्रकाश, भारुडातील सोंग, वासुदेवाची मोरपिसांची टोपी, नृत्य आणि हावभाव ध्वनीत उतरत नाहीत. मायक्रोफोन दिसताच गायक अधिक सावध होतो व श्रोते संकोचतात, असेही अभ्यासकांना आढळते. काही विधिगीते विशिष्ट वेळी व विशिष्ट ठिकाणीच म्हणावयाची असतात. ती इतरत्र वाजविली जाणे कलावंतांना रुचेलच असे नाही. प्रकाशनापूर्वी त्यांचे मत घेणे यासाठी आवश्यक ठरते.

शिवाय, एखाद्या ख्यातनाम गायकाचे एकच ध्वनिमुद्रण प्रमाण मानले जाऊन इतर गावांतील पाठ मागे पडण्याचा धोका असतो. नव्या पिढीतील गायक गुरूच्या सहवासाऐवजी ध्वनिमुद्रणावरून शिकू लागले की प्रसंगानुरूप भर घालण्याची क्षमता क्षीण होते. एकाच आख्यानाची, वेगवेगळ्या कलावंतांची व वेगवेगळ्या गावांतील अनेक ध्वनिमुद्रणे उपलब्ध असणे हा त्यावरील उपाय होय.

हेही पाहा

गोंधळ, भारूड, पोवाडा, जागरण, ओवी, आंबेडकरी जलसा, शाहीर साबळे, विठ्ठल उमप, वामनदादा कर्डक, प्रभाकर मांडे, जालना जिल्हा